सांगितलेले हित मनुष्य का ऐकत नाही?

(अभ्यासासाठी भाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, ओवी ९ पासून शेवटपर्यंत)

खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंच्या तोंडून एक गाऱ्हाणे वारंवार ऐकू येते. पाणी उकळून प्या म्हणून सांगितले, तर कोणी उकळीत नाही. मुलास ताप आला असता दवाखान्यात न्या म्हणून सांगितले, तर आधी देवऋष्याकडे नेतात. कपाशीवर फवारणी करताना तोंड झाका, हातमोजे घाला म्हणून सांगितले, तर हसतात. हे गाऱ्हाणे सांगून झाल्यावर आमचे बंधू बहुधा दोहोंपैकी एक निर्णय देतात : लोक अडाणी आहेत, अथवा लोक हट्टी आहेत. हे दोन्ही निर्णय सांगणाऱ्यास मोठे सोयीचे आहेत, कारण त्यांत सांगणाऱ्याच्या पदरी काहीच दोष येत नाही. प्रस्तुत पाठात या निर्णयांची थोडी पारख करावी असा आमचा हेतू आहे. मंडळ्यांनी व विशेषतः उपदेशकांनी वर दिलेला भाग आधी वाचून मग पुढील मजकूर वाचावा.

अडाणीपणाचे कारण प्रथम घेऊ, कारण ते लवकर निकालात निघते. ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहरी सन १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक डॉक्टर तेथील मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात काम करीत होता. ज्या विभागात शिकाऊ डॉक्टर बाळंतपणे करीत, तेथे बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या सुइणींच्या विभागापेक्षा पुष्कळच अधिक होती. त्याने शोध करून असे ताडले की, प्रेतांची चिरफाड करून आलेले विद्यार्थी तेच हात घेऊन बाळंतिणीजवळ जातात व रोग पोहोचवितात. त्याने चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि मृत्यू एकदम उतरले. इतके झाल्यावरही मोठमोठ्या विद्वान वैद्यांनी त्याचे म्हणणे मान्य केले नाही. आपल्याच हातांनी रोगिणी मेल्या हे कबूल करणे त्यांस जड गेले. सेमेलवाइस सन १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात मरण पावला. ज्यांनी त्याचे ऐकले नाही ते अडाणी नव्हते. त्या काळच्या युरोपातील शिकलेल्यांत शिकलेले होते. तेव्हा शाळा पाहिलेला मनुष्य हिताचे ऐकतो व न पाहिलेला ऐकत नाही, ही समजूत आपण येथेच सोडून देऊ.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले आणि शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतही बाधा झालेले होते. कित्येकांच्या दृष्टीस इजा झाली. सरकारने अमरावती विभागाच्या आयुक्तांच्या प्रमुखत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीस विभागातील पाचही जिल्ह्यांत दोन महिन्यांपुरती बंदी केली. त्या वर्षी पऱ्हाटी पुष्कळ शेतांत माणसाच्या छातीच्याही वर वाढली होती, त्यामुळे फवारा पायांवर न पडता तोंडावर व छातीवर येई. बोंडअळीचा जोर मोठा होता, म्हणून दोन दोन, तीन तीन औषधे एकत्र कालवून मारली जात. हवा दमट, ऊन कडक, आणि पाठीवर पंधरा-सोळा लिटरांचा पंप.

त्या दिवसांत शहाण्या म्हणविणाऱ्या पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘सांगितले होते, ऐकले नाही.’ डब्यावर सूचना छापलेली होती, हे खरे. कीटकनाशकांच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. त्यात लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याहून थोडा कमी, मग निळा, मग हिरवा, अशी खूण सरकारी नियमाने असते. पण ज्या मजुराच्या पाठीवर पंप होता, त्याच्या हाती तो डबा कितीदा येत होता? डबा मालकाने आणला, मिश्रण कोणी भलत्यानेच केले, आणि याला भरलेला पंप मिळाला. शिवाय आपल्या भाषेने या कामी एक विचित्र खोडी केली आहे. या विषास आपण सर्वजण ‘औषध’ म्हणतो. पिकाला औषध मारले, औषधाची उधारी झाली, असे बोलतो. पोरास ताप आला तर औषध, आणि कपाशीवर अळी आली तरीही औषध. एकच मनुष्य ते पिऊन जीव देतो तेव्हासुद्धा ‘औषध घेतले’ असेच म्हणतात. ज्या वस्तूचे नावच बरे करणारी वस्तू असे आहे, तिच्यापासून तोंड झाकून घे, हे सांगणे कानात शिरत नाही यात नवल ते काय?

दर्यापूरकडील एका गावी आम्ही शेताच्या बांधावर एका फवारणाऱ्या गृहस्थास विचारले की, तुम्ही तोंडास काही बांधीत का नाही. त्याने पंप खाली ठेवला व उत्तर दिले : ‘पाळकसाहेब, तुमी एक डाव हा पंप पाठीवर घ्या, तोंडाले फडकं बांधा, अन् या तासाच्या त्या टोकाले जाऊन या. मंग मले सांगा. फडकं भिजलं का दम कोंडते. मोज्यात हात घामानं भिजते, झाकन उघडत नाही. अन् मालक म्हनते, आज दोन एकर उरकलंच पाहिजे. त थांबाचं कसं?’

या उत्तरात अडाणीपणा कोठे आहे, हे वाचकांनी शोधून पाहावे. आम्हास तो सापडला नाही. विष हे विष आहे, हे तो जाणत होता. त्याने एक हिशेब केला होता. तोंड बांधल्याचा त्रास आजचा, खात्रीचा, आणि सर्वस्वी त्याचा. न बांधल्याचे संकट उद्याचे, अनिश्चित, आणि कदाचित दुसऱ्याचेच. उशीर झाला तर रोज बुडण्याची धास्ती मात्र त्याचीच. कोठे दिवसाच्या रोजाने, कोठे पंपागणिक मजुरी ठरते. पंपागणिक ठरली म्हणजे प्रत्येक विसाव्याचे पैसे तो स्वतःच्या खिशातून देतो. आणखी एक गोष्ट त्याच्या बोलण्यात आली ती सांगणाऱ्यांनी ध्यानी धरण्याजोगी आहे. विषाने भिजलेले फडके नाकातोंडास चिकटून राहिले तर ते विष कातडीशी धरून ठेवते. भिजलेले फडके त्याने काढून टाकले, हे काही अंशी बरोबरच होते. साधे फडके म्हणजे मास्क नव्हे.

मग त्याचा हिशेब चुकला कोठे? येथे आपला पाठ उपयोगी पडतो.

पौल कैदी होऊन रोमास चालला आहे. तारू गव्हाने भरलेले, आलेक्सांद्रियाचे. उपासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे समुद्रावर जाण्याचा हंगाम संपत आला होता. पौलाने सांगितले की, पुढे गेलो तर मालाची व तारवाचीच नव्हे, जिवांचीही हानी होईल. शताधिपतीने ऐकले नाही. पुष्कळ उपदेशक या ठिकाणी शताधिपतीवर तुटून पडतात. पण वचन नीट वाचले तर तो दुष्टही दिसत नाही आणि मूर्खही दिसत नाही. त्याने पौलास पूर्वीच ममतेने वागविले होते व मित्रांकडे जाऊ दिले होते. त्याच्यापुढे एकीकडे तांडेल व तारवाचा धनी, म्हणजे ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते लोक, आणि दुसरीकडे बेड्यांतला एक प्रवासी. ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे. बहुतेकांचे मत निघावे असे. आणि जायचे तरी किती दूर? इटलीस नव्हे, त्याच क्रेत बेटाच्या दुसऱ्या बंदरास, फेनिक्यास. ‘एवढे दोन पंप मारून घेऊ, मग थांबू’ असे म्हणणाऱ्या मनुष्याचा विचार याहून वेगळा नसतो. मोठे धाडस कोणी सहसा करीत नाही. माणसे मरतात ती बहुधा अशा लहानशा अंतरावर.

यानंतर जे लिहिले आहे ते या सगळ्या अध्यायात आम्हास सर्वांत मार्मिक वाटते. दक्षिणेचा वारा मंद वाहू लागला, आणि आपला बेत साधला असे त्यांस वाटले. पौलाचे म्हणणे खोटे ठरल्याचा पुरावाच जणू मिळाला! युरकुलोन वादळ त्यानंतर आले. संकटाची सूचना आणि संकट यांच्यामध्ये जर असा मंद वारा वाहिला नसता, तर पृथ्वीवर पुष्कळच लोकांनी पुष्कळांचे ऐकले असते.

फवारणाऱ्याचा मंद वारा कोणता? मागचे दहा हंगाम. दहा वर्षे त्याने उघड्या तोंडाने फवारले, आणि काही झाले नाही. सांगणारा म्हणतो, मरशील. त्याचा स्वतःचा अनुभव म्हणतो, नाही मरत. मनुष्य कोणाचे ऐकेल? त्यातही या विषाची चाल अशी आहे की ते स्वतःच हा मंद वारा उत्पन्न करते. ते कसे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण गावात हे समजावून सांगणारा कोणी नसतो.

कपाशीवरच्या पुष्कळ कीटकनाशकांत, जसे प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, एकाच जातीचे विष आहे. आपल्या देहात मज्जातंतूंकडून स्नायूंकडे व ग्रंथींकडे निरोप जात असतात. निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य देहात असते. डॉक्टर त्यास कोलिनेस्टरेज म्हणतात. पाटीवरचे लिहिलेले पुसणाऱ्या फडक्यासारखे त्याचे काम. हे विष त्या फडक्यासच धरून बसते. मग निरोप पुसले जात नाहीत, एकावर एक चढतात : घाम सुटतो, तोंडास पाणी सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होऊन अंधुक दिसते, ओकाऱ्या होतात, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वास चालविणारे स्नायू थकतात. आता ध्यानात घ्यावे की, हे द्रव्य थोडेसे अडले तर माणसास काही जाणवत नाही, किंवा केवळ डोके दुखते. ते ऊन लागल्यासारखेच वाटते. तो सावलीत निजतो, सकाळी बरा उठतो, व पुन्हा पंप उचलतो. पण गेलेले द्रव्य देहात एका रात्रीत भरून येत नाही. त्यास कित्येक दिवस, आठवडेही लागतात. सोमवारी थोडे गेले, मंगळवारी आणखी थोडे, बुधवारी आणखी. जेवढ्या विषाने सोमवारी काही झाले नाही, तेवढेच विष शुक्रवारी त्यास बांधावर आडवे पाडते. आणि ते नाकातोंडातूनच जाते असे नव्हे. भिजलेल्या सदऱ्यातून, पाठीवर गळणाऱ्या पंपातून, उघड्या पोटऱ्यांतून, कातडीवाटे शिरते. तेव्हा ‘काल काही झाले नाही’ हा जो त्याचा सर्वांत बळकट पुरावा, तोच या बाबतीत सर्वांत फसवा आहे. त्याचा हिशेब चुकतो तो येथे, कारण त्याच्या हातातील मापच खोटे आहे. हे त्यास कोणी सांगितले होते? ‘काळजी घ्या’ एवढेच सांगितले होते.

हा मंद वारा फवारणीपुरताच नाही. सन २०२० च्या अखेरीस करोनाचा जोर ओसरला, लग्ने व बाजार पूर्ववत भरू लागले, आणि तोंडावरची पट्टी हनुवटीवर आली. सन २०२१ च्या फेब्रुवारीत राज्यातील दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा अमरावती व अकोला या जिल्ह्यांस बसला, आणि अमरावती शहरात २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी करावी लागली.

ऐकण्याच्या बाबतीत दुसरी गोष्ट अशी की, मनुष्य शब्द तोलण्यापूर्वी बोलणारा तोलतो. शताधिपतीने तेच केले. आमच्याकडे कृषी सहायकाचे सांगणे एक आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचे दुसरे, असे झाले तर शेतकरी दुकानदाराचे ऐकतो. यास लोक लबाडीने फसणे म्हणतात. आमचे मत तसे नाही. दुकानदार रोज भेटतो, पेरणीच्या वेळी उधार देतो, अळी दाखविली तर डबा काढून देतो. कृषी सहायकाकडे कितीतरी गावे. तो हंगामात एकदा येतो, कागद वाचतो व जातो. अकोल्यास सन १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तेथील ज्ञान खरे आहे. पण उधारीची वही दुकानात आहे. दुकानदाराचे ऐकले नाही तर पुढच्या वर्षी बियाणे कोण देईल, हाही विचार शेतकऱ्याच्या मनात असतो. तारवाच्या धन्याचे मत तारवावर चालावे, तसेच हे.

आणि जेथे सांगणारा काठी घेऊन येतो, तेथे चांगले सांगणेही विष होते. पुण्याची सन १८९७ ची प्लेगची हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. रोग्यास निराळे ठेवणे, घर स्वच्छ करणे हे मूळ धोरण चुकीचे नव्हते. पण रँडसाहेबाच्या अमलात गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. रोगापेक्षा उपायाचे भय अधिक झाले. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच शहरात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले रोग्यांस स्वतः उचलून आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. तो रोग त्यांसही लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. रोग्यास घराबाहेर नेणे हेच दोहोंकडे होते. एका हातास लोकांनी दार लावले, दुसऱ्या हाती आपली माणसे दिली.

आमच्या अमरावती जिल्ह्यातच मेळघाट आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू वस्त्यांत तान्ह्या मुलाचे पोट फुगले म्हणजे तापविलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात; त्यास डंबा म्हणतात. हे वाचून शहरातील मनुष्याच्या अंगावर काटा येतो, आणि यावा. पण त्या आईच्या जागी बसून पाहिले पाहिजे. रात्र झालेली, मूल रडते, आरोग्य केंद्र डोंगरापलीकडे, आणि भूमका शेजारच्या घरी. तो तिच्या भाषेत बोलतो, तिच्या सासूस ओळखतो, आणि काहीतरी करतो. मूल आपोआप बरे झाले तर यश डंब्याचे. दगावले तर दैवाचे. येथेही तोच मंद वारा! अलीकडे भूमकांना शत्रू न मानता त्यांसच शिकवून, रोग्यास केंद्रावर घेऊन येण्याच्या कामी लावण्याचा प्रयत्न जिल्ह्यात झाला आहे. सन २०२१ मध्ये करोनाची लस आली तेव्हा, लस टोचली की माणूस मरतो अशी आवई मेळघाटात उठली आणि पथके आली की लोक दूर जात. मराठी फलकांनी ती आवई गेली नाही. कोरकू भाषेत, ओळखीच्या माणसांकडून समजावणे सुरू झाले, तेव्हा लोक हळूहळू पुढे आले. बैरागडचे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांस सन २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली हे सर्वांनी वाचले असेल. पण शेतीविषयी लोकांस काही पटवायचे म्हणून या डॉक्टर दांपत्याने आधी स्वतः शेती केली, हे आम्हास पद्मश्रीहून मोठे वाटते.

आपल्या मंडळ्यांत एक निराळीच अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘देव राखील’ असे म्हणून काही बंधू सावधगिरीस विश्वासाची उणीव समजतात. त्यांनी याच अध्यायाची चोविसावी व एकतिसावी ओवी शेजारी शेजारी ठेवून वाचावी. तारवातील एकाचाही नाश होणार नाही, असे पौलास देवदूताकडून कळले होते. तरी खलाशी होडी सोडून पळू पाहतात हे दिसताच तोच पौल शताधिपतीस बजावतो की, हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणे नाही. वचन मिळाले म्हणून त्याने खलाशांची गरज संपली असे मानले नाही. दोरही कापावे लागले, गहूही समुद्रात टाकावा लागला, आणि कोणास पोहून, कोणास फळीवर, असे काठास यावे लागले.

पौलाचे दुसरे वागणेही पाहावे. ‘माझे ऐकावयास पाहिजे होते’ हे त्याने वादळात एकदाच म्हटले. आमच्यापैकी पुष्कळांनी ते मिलिता बेटापर्यंत सांगितले असते! चौदाव्या रात्री, दोनशे शहात्तर माणसे उपाशी असता, त्याने अन्न खा म्हणून सांगितले, आणि सर्वांदेखत भाकर घेऊन मोडली व स्वतः खाऊ लागला. तेव्हा सर्वांस धीर आला व ते जेवले. तो त्याच तारवात होता. तारू बुडाले असते तर तोही बुडाला असता. पहिल्या सांगण्याच्या वेळी तो केवळ एक कैदी होता. चौदा रात्री एकत्र काढल्यावर त्याच्या शब्दावर शिपायांनी होडीचे दोर कापले.

हीच रीत आमच्या वऱ्हाडात एका निरक्षर परटाने चालविली होती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी सन १८७६ मध्ये जन्मलेले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडीत. लोक प्रथम पाहत, मग लाजत, मग एक एक येऊन झाडू लागे. कीर्तन रात्री. आणि कीर्तनातही ते उपदेश कमी करीत, प्रश्न अधिक विचारीत, तेही वऱ्हाडी बोलीत. उत्तर लोकांनी द्यावयाचे. जे उत्तर मनुष्याने स्वतःच्या तोंडाने चार लोकांत दिले, ते मोडणे त्यास कठीण जाते. आमचे उपदेशक बंधू प्रश्न विचारण्यास का भितात, हे आम्हास कळत नाही. कदाचित लोक काय उत्तर देतील याचे भय असेल.

येत्या फवारणीच्या दिवसांत या पाठाचा उपयोग कसा करावा, याविषयी थोडे लिहितो. मजुरास उपदेश करण्याआधी मालकाकडे जावे, कारण घाई त्याची आहे व मिश्रण तो करवितो. मंडळीतच पाच-सहा एकरांचे मालक असतात. त्यांच्याशी बोलणे अवघड वाटते म्हणून आपण मजुराशी बोलतो. सकाळी लवकर व उन्हे उतरल्यावर फवारणी, दुपारी सुट्टी, आणि तरीही पूर्ण रोज, एवढे एका मालकाने कबूल केले तर शंभर फलकांचे काम होते. एकाच मनुष्यास रोज रोज पंप न देता पाळी लावावी. वर सांगितलेले द्रव्य भरून येण्यास तेवढेच दिवस मिळतात. मास्क, चष्मा, मोजे यांचा एकेक संच प्रत्येकास घेता येत नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावा, पण वापरल्यावर साबणाने धुऊन वाळवूनच दुसऱ्यास द्यावा.

जे आज, या क्षणी, पैसा न लागता करता येईल, ते आधी सांगावे. पंपाचे तोंड तुंबले की आमचे लोक ते ओठांशी धरून फुंकतात. पंपाच्या पट्ट्यास एक बारीक तार किंवा दात घासण्याचा जुना ब्रश बांधून ठेवला तर फुंकावे लागत नाही. इतकी क्षुल्लक गोष्ट सांगितली तर लोक हसतील, असे वाटेल. नामान सेनापतीसही यार्देनेत सात बुड्या मारणे क्षुल्लकच वाटले होते, आणि त्यास वळविले ते त्याच्या चाकरांनी. वाऱ्याकडे पाठ करून चालावे. हात धुतल्यावाचून तंबाखू मळू नये, खर्रा तोंडात घालू नये. भिजलेला सदरा घरच्या कपड्यांत टाकू नये. रिकामा डबा ठेचून, भोके पाडून निकामी करावा. त्यात तेल, पाणी, धान्य काही ठेवू नये. बिहारमध्ये छपऱ्याजवळील एका गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारच्या जेवणाने तेवीस मुले मेली, त्या स्वयंपाकाच्या तेलात हेच मोनोक्रोटोफॉस मिसळलेले आढळले.

आणि फवारताना कोणी घाम फार सुटल्याचे, डोळ्यांपुढे धूसर झाल्याचे, मळमळल्याचे सांगू लागला, तर ऊन लागले असे म्हणून त्यास झाडाखाली निजवून ठेवू नये. त्यास शेताबाहेर काढावे, अंगावरचे कपडे उतरवावे, आणि साबण व भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवावीत. धुणाऱ्याने आपल्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. ओकारी मुद्दाम काढू नये. १०८ क्रमांकास फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावे. जाताना डबा किंवा त्यावरील वेष्टन बरोबर न्यावे, आणि दोन-तीन औषधे कालवली असतील तर सगळ्यांची न्यावीत. वर सांगितलेल्या जातीच्या विषास ॲट्रोपिन हा उतारा आहे. दुसऱ्या पुष्कळ जातींस तो चालत नाही, आणि काहींस निश्चित असा उताराच नाही. म्हणून कोणते विष गेले हे डॉक्टरास पहिल्याच घटकेस कळले पाहिजे. मालक गावास गेलेला आणि डबे त्याच्या घरी, असे होऊ नये, यासाठी फवारणीच्या दिवशी रिकामी वेष्टने एका पिशवीत घालून बांधावरच्या झाडास, मुलांचा हात न पोहोचेल इतक्या उंचीवर, टांगून ठेवावीत.